नसलेल्या भाच्याचा कॉम्प्युटर

मला भाचा नाही. सख्खा नाही, चुलत नाही, मानलेलासुद्धा नाही. आईवडिलांना मी एकटीच, लग्न केलं नाही, मग भाचा यायचा कुठून? तरी गेल्या वर्षी सात रस्त्याजवळच्या एका दुकानात मला भाचा झाला. चांगला दहावीतला झाला.

दुकानाच्या पायऱ्या चढेपर्यंत असलं काही बोलायचं माझ्या मनातही नव्हतं. काउंटरमागे माझ्याच वयाचा, कानाजवळ केस पांढरे झालेला माणूस बसला होता. गेमिंगचा कॉम्प्युटर बांधून घ्यायचाय, असं मी म्हणाले. दुपारभर हेच वाक्य मनात घोळवत आले होते, त्यामुळे ते नीट बाहेर पडलं. त्यानं मान वाकडी करून माझ्या मागे दाराकडे पाहिलं. गाडी लावून कुणीतरी येत असेल असं त्याला वाटलं असावं. मागे कुणी नव्हतं. "मुलासाठी का, ताई?" त्यानं विचारलं. तो हसला नाही, कुत्सितपणे बोलला नाही, साधं विचारलं. आणि मी म्हणाले, भाच्यासाठी. मुलगा म्हणणं फार मोठं खोटं झालं असतं. भाचा त्यातल्या त्यात लहान वाटला.

खरं म्हणजे खेळणारी मीच. मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. लॉकडाऊनमध्ये शाळेचा लॅपटॉप घरी आणला होता, पगारबिलं करायला. पगारबिलं झाल्यावर करायचं काय, म्हणून एक फुकटचा खेळ उतरवून घेतला. त्यात नुसतं शेत करायचं होतं, गाजरं लावायची आणि काढायची. आमच्या घरात शेतीचा एक गुंठा नाही, पण मी गाजरं काढत बसायची. लॅपटॉप परत गेला तरी चटक गेली नाही. मग मोबाइलवर दुसऱ्यांना खेळताना बघायला लागले, आणि त्यात तो घोड्याचा खेळ दिसला. दूरवर डोंगर, भुसभुशीत बर्फ, एक बाई तलवार पाठीला लावून घोड्यावरून चाललेली. बाहेर सोलापूरचा वैशाख, पंखा गरम हवा फेकतोय आणि मी त्या बर्फाकडे बघत बसलेली. मला तिथं जायचं होतं. ज्या बाईला आठवडी बाजारात स्कूटी वळवता येत नाही, तिला तो घोडा हवा होता. हे कुणाला सांगायचं आणि कोणत्या तोंडानं?

म्हणून मी चोरून शिकले. डब्याच्या सुट्टीत कानात इअरफोन घालून कोपऱ्यात बसायची आणि कोणत्या प्रोसेसरला कोणता मदरबोर्ड चालतो ते बघायची. दिल्लीकडचा एक पोरगा हिंदीतून फार छान समजावून सांगायचा. ऑफिसातल्या बायकांना वाटायचं मी प्रवचन ऐकतेय. एकदा शिपाईबाईंनी मला विचारलं, आज काय सांगितलं महाराजांनी? मी म्हणाले, संयम ठेवा म्हणाले. आणि त्या पोरानं खरंच तेच सांगितलं होतं, दिवाळीनंतर ग्राफिक्स कार्डं स्वस्त होतील म्हणून.

आईशी मात्र असल्या अर्धवट थापेवर भागणार नव्हतं, कारण पैशांत तिचाही वाटा होता. आमचा फ्रिज कधीचा गळत होता. खाली जुन्या चादरीचा तुकडा घालायचा, तो भिजला की पिळायचा, पुन्हा घालायचा. नव्या फ्रिजसाठी आम्ही दोघी मिळून पैसे बाजूला टाकत होतो, मी पगारातून, ती बाबांच्या पेन्शनमधून. माझ्या बजेटमध्ये बाकी सगळं बसत होतं, ग्राफिक्स कार्ड बसत नव्हतं. आणि कार्डाशिवाय तो घोडा जागचा हलला नसता. मी आईला म्हणाले की ऑफिसचं काम वाढलंय, घरी करावं लागणार, त्याला मोठा कॉम्प्युटर लागतो. तिनं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "फ्रिजला काय धाड भरलीया," ती म्हणाली. "चालतूय की. तुझं काम आधी."

आई मूळची सोलापूरजवळच्या कुंभारीची. सारा जन्म शहरात काढला तरी तिची बोली गावचीच राहिली, आणि खोटं बोलायची सवय तिला गावातही नव्हती, शहरातही लागली नाही. कुणी उसनं मागायला आलं तर घरात साखर नाही असं सांगणंही तिला जमत नाही. साखर देऊन मोकळी होते.

दुकानात मग भाव करायची आणि भाग निवडायची गंमत सुरू झाली. गंमतच म्हणते, कारण खोटं बोलत असूनही मला मजा येत होती. दुकानदारानं नव्यातला नवा प्रोसेसर पुढं केला. मी म्हणाले, मागच्या पिढीतला चालेल, तो फरक कार्डात घालू. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं एसएमपीएस दाखवला, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. स्वस्तातला होता. तो मी बाजूला सारला. इथं हात आखडता घ्यायचा नाही, हे त्या दिल्लीच्या पोरानं शंभरदा बजावलं होतं. आमच्याकडे लाइट जाते-येते, तेव्हा सगळ्यात आधी तोच मरतो आणि जाताना बाकीच्यांनाही घेऊन जातो. "भाचा लई अभ्यासू दिसतोय की तुमचा," दुकानदार म्हणाला.

मला त्या भाच्याचा राग आला. माझ्या आयुष्यात कामाशिवायच्या गोष्टीसाठी कुणी असं कौतुक केलं नव्हतं, आणि केलं ते नसलेल्या पोराचं. मी म्हणाले, हो, फार वाचतो.

पण खोट्याचा खरा त्रास पुढंच होता. दुकानात होते ते बहुतेक कॅबिनेट, म्हणजे हे सगळं ज्यात बसवतात ते डबे, काचेचे, आत रंगीत दिवे. रॅमलासुद्धा दिवे. मला ते आवडत होते, खोटं कशाला बोलू. त्यातला एक निळ्या दिव्यांचा तर मी मनात घरी नेऊन टेबलावर ठेवलाही. पण ऑफिसच्या कॉम्प्युटरला निळे दिवे कशाला, असं आईनं विचारलं तर? म्हणून बिनदिव्याचा, साधा काळा, वरून जाळीचा कॅबिनेट मागितला. दुकानदार बुचकळ्यात पडला. पोरं आधी दिवे बघतात आणि मग बाकीचं, असं तो म्हणाला. आणि मग त्यानं ते काढलंच: "एकदा त्याला फोन लावा की. त्याच्याशीच बोलतो मी."

भाचा क्लासमध्ये असेल, उचलतो का बघते, असं म्हणून मी मोबाइल घेऊन बाहेर आले. रसाच्या गाड्यापाशी उभी राहिले. चरक घरघरत होता, रसवाला विचारत होता बर्फ घालू का, आणि मी बंद मोबाइल कानाला लावून म्हणत होते, हो रे, हो, दिवे नकोत ना, बरं. चव्वेचाळीस वर्षांची बाई, अंगावर शाळेची कॉटनची साडी, खांद्याला डब्याची पिशवी. कुणी ओळखीचं जात असतं तर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. कुणी गेलं नाही, तरी मला तसंच झालं. आत येऊन मी सांगितलं, दिवे नको म्हणतो, डोळ्यांना त्रास होतो.

शेवटी सगळं जुळलं. बजेट ओलांडायला अगदी थोडं कमी पडलं, तेव्हा दुकानदारानं आणखी एक बारीक जाळी सुचवली. वरच्या भोकांवर चिकटवायची, धूळ आत जात नाही. आपल्याकडे धूळ फार, घ्या ताई. किंमत फार नव्हती. पण इतकी काटछाट केल्यावर त्या जाळीवर मला कंजूसपणा सुचला. घरी आई रोज दोनदा पुसते, धूळ कुठली, असं मी म्हणाले. हे मात्र खरं होतं.

कॉम्प्युटर घरी आला तो गुरुवार होता. मी तो टेबलावर लावला, सुरू करून पाहिला, खेळ उतरवायला लावला. शुक्रवारी मी शाळेत असताना आईनं त्याची पूजा केली.

यात तिचं काही चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. बाबा गिरणीत होते तेव्हा दसऱ्याला ते साच्याला, म्हणजे कापड विणायच्या मागाला, हळदकुंकू वाहून यायचे. आमच्याकडे मिक्सर आला तेव्हा मिक्सरची पूजा झाली, सायकल आली तेव्हा सायकलची. लेकीच्या नोकरीचं मोठं यंत्र घरात आलंय आणि त्याला साधं कुंकू नाही, हे तिला कसं चालावं? तिनं पुढच्या बाजूला ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. वर फूल ठेवलं, मूठभर अक्षता वाहिल्या. नारळ उंबऱ्यावर फोडला आणि त्यातलं थोडं पाणी, रीतीप्रमाणे, यंत्रावर शिंपडलं. जाळीतून अक्षता खाली गेल्या, पाणीही गेलं. वर काहीच दिसेना तेव्हा तिनं आणखी थोड्या वाहिल्या.

मी घरी आले तर शेजारच्या काकू बसल्या होत्या. हातात पेढ्यांचा पुडा. आईनं गल्लीत सांगून टाकलं होतं की ऑफिसनं लेकीला वरचं काम दिलंय, घरी बसून करायचं, कॉम्प्युटरसुद्धा भारीतला लागतो. काकूंनी माझ्या तोंडात पेढा घातला आणि म्हणाल्या, तुझ्या आईनं फार सोसलंय, आता तिला सुखाचे दिवस दाव.  काकू गेल्यावर आई म्हणाली, लाव की, बघू दे तुझं काम. मी बटण दाबलं.

आतून ताशा वाजावा तसा आवाज आला. मग काहीतरी जळाल्यासारखा वास, आणि पडदा काळा. मी घाईघाईनं प्लग उपटला. तेव्हा मला वरचं फूल दिसलं, आणि जाळीच्या भोकात अडकलेला कुंकवाचा तांदूळ.

आईच्या तोंडावरचा रंग गेला. ती पदर तोंडाला लावून उभी राहिली. फ्रिजचे पैसे माझ्यामुळं बुडाले, एवढंच तिला समजलं होतं. मी म्हणाले, होतं असं, दुकानात दुरुस्त करून देतात, तू बस, मी जाऊन येते. ती बसेना. "माझ्या हातनं झालंय," ती म्हणाली. "मी येतीच. त्येला मी सांगती, पोरीची काय चूक न्हाय." तिला घरी ठेवायला मी काय काय कारणं काढली, ऊन, गुडघे, रिक्षा. एकही चाललं नाही. जुन्या चादरीत कॅबिनेट गुंडाळून ती मांडीवर घेऊन रिक्षात बसली, आणि मी शेजारी बसून देवाला म्हणत होते की आज दुकान बंद असू दे.

दुकान उघडं होतं. दुकानदारानं चादर सोडली, स्वस्तिक पाहिलं आणि पेचकस घेतला. झाकण काढून त्यानं वरचा पंखा बाहेर घेतला, उलटा केला. काउंटरवर तांदूळ सांडले. रॅमच्या पट्ट्या काढून त्यानं उजेडात धरल्या, त्यांवर पाण्याचे डाग होते. हे बघून कंपनी वॉरंटी देणार नाही, असं तो म्हणाला, पण ओरडला नाही. ब्रश घेतला, छोटा ब्लोअर लावला, एकेक भाग वाळवायला लागला. आई काउंटरला टेकून बघत होती. आणि हात चालवता चालवता, बोलायचं म्हणून, तो तिला म्हणाला:

"काय मावशी, नातवाचा जीव अर्धा झाला असंल की. आला न्हाई का बरोबर?"

आईनं माझ्याकडे पाहिलं.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. मी भिंतीवर टांगलेले कीबोर्ड बघत राहिले, जणू मला त्यातला एखादा घ्यायचाच आहे.  ब्लोअरचा आवाज थांबला, तेव्हा आई बोलली.

"शिकवणी हाय की त्येची."

ज्या बाईला साखर नाही म्हणवत नाही, ती बाई हे बोलली. मला वाटलं संपलं. पण दुकानदाराचे हात रिकामे नव्हते, तोंड रिकामं होतं. दहावीला म्हणजे टेन्शन असेल, असं तो म्हणाला. व्हय, आई म्हणाली. मार्क कसे पडतात? "हुशार हाय," आई म्हणाली. "लई हुशार. पर मनातलं काय सांगत न्हाय. ल्हानपणापास्नं तसंच. काय पायजे ते मागायचं न्हाय, गप गप बसायचं." तो म्हणाला, आजकालची पोरं तशीच. "न्हाय, गुणाचं हाय," आई घाईनं म्हणाली. "दुखलं-खुपलं तरी बोलत न्हाय, येवढंच. जेवायला बसलं तरी ध्यान दुसरीकडंच असतंय."

मी कीबोर्डाकडून मान वळवू शकले नाही. ती कुणाबद्दल बोलतेय ते मला कळत होतं. आणि आणखी एक गोष्ट कळत होती, ती जास्त वाईट होती: तिचा आवाज सैल झाला होता. ती अडखळत नव्हती. तिच्या वयाच्या बाया कट्ट्यावर बसून नातवंडांबद्दल बोलतात तेव्हा ती नेहमी ऐकणारी असते. पहिल्यांदाच तिला सांगायला काहीतरी होतं, आणि ते मी थापेतून तिच्या हातात दिलं होतं.

कॉम्प्युटर सुरू झाला. कार्ड वाचलं होतं. माझा जीव भांड्यात पडायला हवा होता, पडला नाही. दुकानदारानं ती बारीक जाळी स्वतः वर चिकटवून दिली आणि आईला म्हणाला, मावशी, आता पूजा समोरून करायची, वरून नाही. आईनं हात जोडले.

परतताना रिक्षातही कॅबिनेट तिच्याच मांडीवर होता. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मी तिच्या मांडीवरचा डबा माझ्याकडे घेऊ का विचारलं. राहू दे म्हणाली. घरी आल्यावर तिनं आधी फ्रिजखालचा तुकडा पिळला, तिथं घातला, हात पुसले आणि मग खाटेवर बसली. मी म्हणाले, आई, ऑफिसचं काही नाही. दुकानात भाच्यासाठी म्हणून सांगितलं होतं.

"व्हय," ती म्हणाली. "मग काय करतीस त्येच्यावर?"

खेळते, मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं. तिनं रागवावं असं मला फार वाटत होतं. रागवली असती तर मी भांडले असते, माझा पगार आहे, माझी हौस आहे, असं काहीबाही बोलले असते. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. शेवटी म्हणाली, "खेळ की मग. म्या काय धरून ठिवलं व्हतं का?" आणि मग, माझ्याकडे न बघता: "दुकानात बोलताना बरं वाटलं गं. त्यो म्हणाला, नातू. जरा वेळ वाटलं हाय म्हणून."

 मी उठून चहा टाकला. साखर दोनदा घातली, तिनं तसाच प्याला.

त्याला आता बरेच महिने झाले. मी खेळते. बर्फातून जाते, तलवार चालवते, एका डोंगरावर माझं छोटं घरसुद्धा झालंय. आईचं पाऊल वाजलं की हात आपसूक पडदा लहान करायला जातो, अजूनही जातो. शेजारच्या काकू विचारतात, कसं चाललंय वरचं काम, तेव्हा आईच दारातून उत्तर देते, चाललंय की, लई काम असतंय तिला. तिचा आवाज तेव्हा सैल नसतो. हे खोटं तिला जड जातं, ते मला आतून ऐकू येतं, आणि मी घोडा थांबवते. दिवाळीत बोनस आला की फ्रिज आणायचा ठरलंय. काकूंना खरं सांगायचं अजून ठरलं नाही.

दुसरं खोटं मात्र तिनं ठेवून घेतलं. संध्याकाळी भाकरी झाली की ती स्वयंपाकघरातून हाक मारते, मला नाही. "तुझ्या भाच्याला म्हणावं, भाकरी गार हुतीया." पहिल्या दिवशी मला रडू आलं. आता मी आतून सांगते, येतोय म्हणाला. "हात धुऊन ये म्हणावं." हो म्हणाला. मग मी कॉम्प्युटर बंद करते, हात धुते आणि जाऊन बसते. आई ताटं घेते. ताटं ती दोनच घेते.